‘ईव्ही-रेडी’ पार्किंग: नव्या फ्लॅटची चावी हातात घेण्याआधी काय काय बघायचं

ताब्याच्या दिवशी बिल्डरच्या माणसाने पेढे दिले, चाव्या दिल्या आणि पार्किंगमध्ये नेऊन खांबावरचा हिरवा स्टिकर दाखवला: ‘ईव्ही-रेडी’. स्टिकरच्या खाली राखाडी डबा. नवऱ्याने नाण्याने स्क्रू फिरवून झाकण काढलं, तर आत एका पीव्हीसी पाइपचं तोंड आणि त्यात कोंबलेला सिमेंटच्या गोणीचा तुकडा. वायर नाही, स्विच नाही. पाइपचं दुसरं टोक कुठे निघतं, ते त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. निघालं पंपरूमच्या छताशी, मीटर रूमपासून चांगलं पंधरा मीटर अलीकडे. पुढे पाइपच नव्हता.

गाडी घरच्या पार्किंगमध्ये चार्ज व्हायला त्यानंतर पाच महिने गेले. मी इंजिनिअर नाही, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलंय. तरी या पाच महिन्यांत जे कळलं ते आधी कळलं असतं तर निम्मा वेळ आणि बरेच पैसे वाचले असते. महाराष्ट्रात नव्या इमारतीत फ्लॅट घेत असाल आणि इलेक्ट्रिक गाडी आज ना उद्या येणार असेल, तर हे वाचून घ्या. अनुभव पुण्याचा आहे. मुंबईत वीज कंपनी वेगळी असेल, नियमावली वेगळी असेल, पण प्रश्न हेच आहेत.

१. आधी ‘रेडी’ म्हणजे काय ते ठरवा

‘ईव्ही-रेडी’ या शब्दाखाली बिल्डर लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी विकतात.

पहिली, नुसता मार्ग: रिकामा पाइप किंवा केबल ट्रे. दुसरी, मार्ग आणि वीज दोन्ही: पॅनेलमध्ये (वीज वाटणाऱ्या पेटीत) जागा, केबल ओढलेली, तुमच्या जागेपाशी सॉकेट किंवा निदान केबलचं टोक. तिसरी, प्रत्यक्ष बसवलेला चार्जर. या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि माहितीपत्रकात तिन्हींसाठी तोच हिरवा स्टिकर असतो.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याला हा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, “मावशी, आमच्याकडे स्वतंत्र घराच्या नियमात पाइप किमान एक इंची हवा आणि सर्किट ४० अँपिअरचं धरून पॅनेलमध्ये जागा ठेवायची, हेसुद्धा लिहिलेलं असतं.” तिकडच्या बर्कली शहराने तर २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइनच नको असा नियम केला होता. तो २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात टिकला नाही, ती गोष्ट निराळी. आपल्याकडे घर पूर्ण विजेवर न्या, अशी सक्ती नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आहे, आणि तिथे ‘रेडी’चा अर्थ तुमच्या करारात उतरवून घेण्याचं काम तुमचं आहे.

म्हणून बिल्डरला एकच प्रश्न लेखी विचारा: “माझ्या पार्किंगच्या जागेपाशी किती किलोवॅट वीज, कुठल्या पॅनेलमधून, कुठल्या मार्गाने येणार?” यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा: भार (म्हणजे किती किलोवॅट), पॅनेल, मार्ग. पुढची सगळी भानगड या तिघांचीच आहे.

२. तुमच्या इमारतीला कुठला नियम लागतो ते शोधा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण नियम एका जागी नाहीत.

केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती केली. पार्किंगच्या २० टक्के जागांवर चार्जिंगची सोय हवी आणि ते सगळे चार्जर एका वेळी चालले तरी पुरेल इतका वीजभार, त्यावर १.२५ चा सुरक्षा गुणक लावून, इमारतीने आधीच धरावा, असं त्यात म्हटलंय. पण हे उपविधी नमुना आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय ते बिल्डरला बांधत नाहीत.

महाराष्ट्राचं ईव्ही धोरण जुलै २०२१ मध्ये आलं. त्यानुसार जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या निवासी प्रकल्पांत किमान २० टक्के जागा ‘ईव्ही-रेडी’ हव्यात आणि त्यांतल्या ३० टक्के सामायिक, म्हणजे कुणाच्याही नावावर नसलेल्या. व्यापारी संकुलांसाठी हा आकडा २५ टक्के. मग मे २०२५ मध्ये नवं धोरण आलं, ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात नव्या निवासी इमारतींच्या सगळ्या, म्हणजे १०० टक्के जागा ‘ईव्ही-रेडी’ आणि शिवाय किमान एक सामायिक चार्जर. नव्या व्यापारी इमारतींना ५० टक्के.

आता मेख अशी, की धोरण वेगळं आणि बांधकाम नियमावली वेगळी. नकाशा मंजूर करणारा अधिकारी नियमावली बघतो. मुंबई महापालिकेची नियमावली स्वतंत्र आहे. पुण्यासह राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली लागते. त्यात वेळोवेळी बदल होत असतात, त्यामुळे तुमच्या नकाशाच्या मंजुरीच्या तारखेला त्यात काय होतं हे महत्त्वाचं. आमचा नकाशा आधीच्या धोरणाच्या काळातला होता. शेजारच्या फेजमधल्या लोकांना १०० टक्के मिळणार हे ऐकून आम्हाला हेवा वाटला, पण त्यांचा नकाशाही जुनाच निघाला.

करायचं काय? बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्यानंतरच्या सुधारित मंजुऱ्यांच्या तारखा महारेराच्या (राज्याच्या बांधकाम व्यवसाय नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरून काढा. त्या घेऊन एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टकडे जा. अर्ध्या तासाचं काम आहे. विक्री कार्यालयातल्या मुलाला विचारू नका, त्याला टाइल्सचा ब्रँड माहीत असतो.

३. करार करण्याआधी हे विचारा

टोकन देईपर्यंत तुमच्या शब्दाला किंमत असते. नंतर तुम्ही ‘फॉलो-अप करणारे मॅडम’ होता. तेव्हा आत्ताच विचारा.

• मंजूर नकाशात चार्जिंगच्या जागा दाखवल्या आहेत का, आणि माझी जागा त्यांत आहे का? रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार मंजूर नकाशे बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. संकोच नको.

• माझ्या पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात आहे का? एप्रिल २०२४ मध्ये महारेराने हे परिशिष्ट करारासोबत जोडणं बंधनकारक केलं. त्या परिशिष्टातच ‘या जागेपाशी अमुक किलोवॅटचा चार्जिंग पॉइंट’ ही एक ओळ घालून घ्या. आम्ही घातली नाही. पुढे ‘स्टिकर होता ना’ यापलीकडे आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

• फ्लॅटचा मंजूर भार किती? पाच किलोवॅट असेल आणि घरात दोन एसी, गीझर, इंडक्शन असं सगळं असेल, तर त्याच मीटरवर ७.४ किलोवॅटचा चार्जर चढवायला जागाच नाही.

• इमारतीच्या ट्रान्सफॉर्मरवर ईव्हीसाठी वेगळा भार धरलाय का? यावर ‘हो हो, धरलाय’ असं उत्तर आलं, तर आकडा मागा.

• पार्किंग यांत्रिक आहे का, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवणारं? असेल तर सावध व्हा. वरखाली जाणाऱ्या फळीवरच्या गाडीला भिंतीवरच्या चार्जरची केबल लावून ठेवता येत नाही. त्या यंत्रातच चार्जिंगची सोय बसवलेली असावी लागते. तशी नसेल, तर ती जागा ‘रेडी’ आहे असं कुणी म्हणणं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

माहितीपत्रक, जाहिरातीचे फोटो, व्हॉट्सअॅपवर आलेला प्लॅन, सगळं जपून ठेवा. जाहिरातीत लिहिलेलं खोटं निघालं तर रेराच्या कलम १२ खाली बिल्डर उत्तरदायी असतो.

४. ताबा घेताना: टॉर्च, टेप आणि एक वायरमन

हा टप्पा लोक सगळ्यात घाईत उरकतात. सगळं लक्ष वर, घरात: दरवाज्याचा पॉलिश, बाथरूमचा उतार. पार्किंगमध्ये कुणी दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. तुम्ही तासभर थांबा. सोबत मोजायची टेप, टॉर्च आणि ओळखीचा वायरमन घ्या. पाचशे रुपये गेले तरी चालतील.

आमच्या वायरमन काकांनी शिकवलेली पहिली युक्ती: पाइप मोकळा आहे का, हे पाइपलाच विचारायचं. पातळ स्टीलची लवचीक पट्टी असते, तिला ते स्प्रिंग म्हणतात. ती एका टोकाने आत सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला माणूस उभा करायचा. आमची स्प्रिंग साडेचार मीटरवर अडली. स्लॅब भरताना पाइपात सिमेंटचं पाणी उतरून दगड झाला होता. शेवटी तो पाइप सोडून छताखालून नवा ट्रे मारावा लागला. ताबा घेताना हे कळलं असतं, तर ते बिल्डरच्या खर्चाने झालं असतं. आम्ही ‘सर्व काही व्यवस्थित’ या कागदावर सही करून बसलो होतो.

तुम्हीही सही केली असेल तरी सगळं संपलं नाही. रेराच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जात किंवा सेवासुविधांत दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर गोड बोलून वेळ काढू देऊ नका. ईमेल करा, फोटो जोडा, तारीख टाका.

मग हे तपासा:

• मीटर रूमपासून तुमच्या जागेपर्यंतचं अंतर. सरळ रेषेत नाही, केबल ज्या वाटेने जाईल त्या वाटेने. आमचं नकाशात ३५ मीटर दिसत होतं, प्रत्यक्षात वळणं धरून ७० भरलं.

• मीटर रूममध्ये एक जादा मीटर आणि स्विच बसेल इतकी भिंत मोकळी आहे का.

• सॉकेटची उंची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार चार्जिंगचं सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर हवं. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं कारण सांगायला नको.

• गाडी नेहमीसारखी लावली, तर तिचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून पाच मीटरच्या आत येतं का. हाही नियम आहे. काही गाड्यांचं तोंड पुढे असतं, काहींचं मागच्या बाजूला. दोन्ही बाजूंनी मोजून घ्या.

५. मीटर कुठला: घरचा, वेगळा की सोसायटीचा?

तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे भक्त प्रत्येक सोसायटीत सापडतात.

पहिली वाट: घरच्याच मीटरवरून. मीटर खाली असतो, तिथून मीटरच्या पुढच्या बाजूने, पुन्हा सांगते, पुढच्या बाजूने, म्हणजे वीज मीटरमध्ये मोजली गेल्यावर, वेगळा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घेऊन केबल आपल्या जागेपर्यंत. मीटरच्या मागून वीज घेणं हा गुन्हा आहे, वायरमन कितीही ‘काय होतंय’ म्हणाला तरी. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घराला घरगुती. वाट सोपी आहे, पण गोम आहे टप्प्यांत. समजा महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते. एका युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली गळती मिळवली, तर दीडशे-एकशेसाठ युनिट होतात. घराचा वापर दोनशे असेल तर बेरीज साडेतीनशेच्या वर जाते. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे असतात. तीनशे ओलांडलं की वरच्या प्रत्येक युनिटला महागडा दर.

दुसरी वाट: गाडीसाठी स्वतंत्र जोडणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यामुळे ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. जाळं वाढवावं लागत नसेल तर नव्या जोडणीची मुदतही महानगरांत ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणली. चार्जिंगच्या जोडणीला दराची वेगळी वर्गवारी आहे. तुमचा घरचा वापर आधीच जास्त असेल, तर ही वाट बहुधा स्वस्त पडते. मागच्या बारा बिलांवरचे युनिट कागदावर मांडा, प्रत्येकात गाडीचे युनिट मिळवा, चालू दरपत्रकाने दोन्ही हिशेब करा. मी केले आणि वेगळा मीटर घेतला.

तिसरी वाट: सोसायटीची एक मोठी जोडणी, त्यावर चार-सहा चार्जर आणि ज्याने जितकं वापरलं तितकं त्याचं बिल. यावर सभेत कुणीतरी हमखास उठून विचारतं, “सोसायटीला वीज विकायचा परवाना आहे का?” याचं उत्तर एप्रिल २०१८ मध्येच केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने दिलंय: गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, परवाना लागत नाही.

एक चौथी वाटही आहे, आणि तिच्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात: लिफ्ट-पंपाच्या सामायिक मीटरवरचं पार्किंगमधलं सॉकेट. व्हॅक्यूम क्लीनरसाठी ठेवलेल्या त्या सॉकेटवर कुणीतरी रात्री गाडी लावतो, महिनाअखेर सामायिक बिल फुगतं आणि ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. आमच्याकडे दोन शेजाऱ्यांनी यावरून गणपतीत एकमेकांच्या घरी जाणं सोडलं होतं.

६. सोसायटीची एनओसी

सोसायटी नोंदली गेली नसेल तर ना-हरकत बिल्डरकडून घ्या, ती तुलनेने लवकर मिळते. सोसायटी असेल तर सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत एका पानावर केबलच्या वाटेचं साधं रेखाचित्र, चार्जर किती किलोवॅटचा, काम परवानाधारक ठेकेदार करणार, भिंत फोडली तर दुरुस्ती माझी आणि केबल दुसऱ्याच्या जागेवरून गेली तर ती छताला धरून जाईल, एवढं लिहा.

समितीला भीती तीन गोष्टींची असते: आग, बिल आणि ‘उद्या सगळेच मागतील’. पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमच्या अर्जातच येतात. तिसरीवर वाद घालू नका, कारण ती खरी आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगते. आमच्या समितीतले एक आजोबा दर सभेला ‘बॅटरी फुटली तर?’ विचारायचे. त्यांना एका संध्याकाळी खाली बोलावून आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून दाखवलं. खट् आवाज झाला, वीज गेली. “एवढंच?” म्हणाले, आणि पुढच्या सभेत अनुमोदन त्यांचंच होतं.

७. अर्ज आणि कागदपत्रं

महावितरणचा अर्ज संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून करता येतो. भारवाढ आणि नवी जोडणी हे वेगळे अर्ज आहेत. चुकीचा भरलात तर सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. हे जमवून ठेवा:

• ओळखपत्र आणि पॅन
• इंडेक्स टू किंवा नोंदणीकृत करार, पार्किंगच्या परिशिष्टासह
• मालमत्ता कराची पावती. ती अजून नावावर नसेल तर ताबापत्र
• सोसायटीची किंवा बिल्डरची एनओसी
• घरच्या मीटरचं चालू बिल, ग्राहक क्रमांक दिसेल असं
• गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा बुकिंगची पावती, मागितली तर हाताशी असावी
• चार्जरच्या माहितीचं पान, किलोवॅट आणि फेज लिहिलेलं
• परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट

यातला शेवटचा कागद सगळ्यांना नडतो. कोपऱ्यावरचा वायरमन काम झकास करेल, पण रिपोर्टवर सही परवाना असलेल्याचीच लागते. काम सुरू करण्याआधीच त्याला परवान्याची प्रत मागा. आमच्या पहिल्या ठेकेदाराचा परवाना सहा महिन्यांपूर्वी संपला होता. हे उघड झालं केबल ओढून झाल्यावर. दुसऱ्या ठेकेदाराने दुसऱ्याच्या कामावर सही करायला साफ नकार दिला आणि सगळी जोडणी उघडून पुन्हा तपासली. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पैसे मात्र दोनदा गेले.

डिमांड नोट (किती पैसे भरायचे ते सांगणारं वीज कंपनीचं पत्र) आली की रक्कम भरा, पावती सांभाळा. त्यात सुरक्षा ठेव असते, ती परत मिळण्याजोगी असते.

८. केबल आणि चार्जर: इथे कंजुषी नको

घरचं १६ अँपिअरचं साधं सॉकेट गीझरसाठी असतं. गीझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी तेच सॉकेट सलग आठ-दहा तास, जवळजवळ पूर्ण क्षमतेने ओढते. खालच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या प्लगची एक पिन मी पाहिलीय: भोवतीचं पांढरं प्लास्टिक दुधावरच्या करपलेल्या सायीसारखं तपकिरी, आणि वास. तेव्हा ३.३ किलोवॅटसाठीसुद्धा जाड औद्योगिक सॉकेट आणि त्याला स्वतंत्र सर्किट हवं.

७.४ किलोवॅटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर. इथे अंतराचा हिशेब येतो. आमच्या ७० मीटरला सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली असती, तर वाटेतच सुमारे १४ व्होल्ट गळाले असते. दहाच्या केबलमध्ये ८ च्या आसपास. पहिल्या ठेकेदाराने दरपत्रकात नुसतं ‘कॉपर केबल’ लिहिलं होतं. आकार, धातू, मीटर आणि कंपनी, चारही लिहून घ्या. पार्किंगच्या छताखालून जाणारी केबल कमी धूर करणाऱ्या, आग न पसरवणाऱ्या आवरणाची घ्या.

संरक्षणासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा हवा, याहून जास्तीचा चालत नाही. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा हवा आणि प्रत्येक चार्जरला स्वतंत्र. एकच सामायिक ठेवला तर एकाची गाडी बिघडली की सगळ्यांची चार्जिंग बंद. अर्थिंग आहे असं तोंडी ऐकू नका, मीटर लावून आकडा मोजायला लावा आणि तो टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या. बऱ्याच गाड्या अर्थिंग कच्चं असेल तर चार्ज व्हायलाच नकार देतात. मग माणूस गाडीच्या सर्व्हिस सेंटरला शिव्या घालत बसतो.

आणि एक्स्टेन्शन बोर्ड? नियमातच मनाई आहे. तरी लोक पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडतात. असं कुणी करत असेल तर गोडीने सांगा, पण सांगाच.

चार्जर किती मोठा घ्यावा, यावर माझं मत मी पैसे मोजून बदललंय. हट्टाने ७.४ चा घेतला. रोजची धाव तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे पाच युनिट. ३.३ वर ते दोन तासांच्या आत भरतात आणि रात्र आठ तासांची असते. पूर्ण वेगाची गरज वर्षभरात चार-पाचदाच पडली, तीही गावाला जायच्या आदल्या रात्री. रोज शंभर किलोमीटर जाणारे असाल तर गोष्ट वेगळी. केबल मात्र मोठीच घाला, चार्जर नंतर बदलता येतो.

९. समितीवर असाल तर हे आधी करा

‘उद्या सगळेच मागतील’ हा प्रश्न खरा आहे असं म्हटलं, कारण पहिल्या चार जणांना उरलेला भार मिळतो आणि पाचव्याला ‘ट्रान्सफॉर्मर भरला’ हे उत्तर. १२० गाड्यांची इमारत घ्या. २० टक्के म्हणजे २४ जागा. प्रत्येकी ३.३ किलोवॅट, वर १.२५ चा गुणक, झाले ९९ किलोवॅट. त्याच जागांना ७.४ दिले तर २२२. म्हणूनच बिल्डर लहान आकडा धरतो आणि मोठा स्टिकर लावतो.

एकेकाला सुटी परवानगी देत बसण्याऐवजी एकदाच ट्रान्सफॉर्मरपासून पार्किंगच्या प्रत्येक भागापर्यंत मुख्य केबल आणि पॅनेल घालून घ्या, मग ज्याला हवं त्याने तिथून पुढे आपल्या खर्चाने न्यावं. आमच्याकडे आता छताखाली अकरा वेगवेगळ्या केबल लोंबताहेत, माझी धरून. एकमेकांशी बोलणारे चार्जरही मिळतात. सहा गाड्या लागल्या की उपलब्ध वीज वाटून घेतात, दोनच असतील तर त्यांना जास्त देतात. त्यामुळे भार निम्म्याहून कमी धरूनही सकाळपर्यंत सगळ्यांच्या गाड्या भरतात.

बिल्डर अजून हस्तांतर करत असेल तर इमारतीचा एकरेषीय विद्युत आराखडा (वीज कुठून कुठे जाते ते दाखवणारं रेखाचित्र), मंजूर भाराचं पत्र आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता हे तीन कागद घेतल्याशिवाय हस्तांतराच्या कागदावर सही करू नका. आम्हाला तो आराखडा शेवटी मिळाला, पण दुसऱ्याच विंगचा.

१०. पहिली रात्र

सगळं बसल्यावर पहिली चार्जिंग रात्री बारा वाजता लावून झोपायला जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा. तासाभराने खाली जाऊन सॉकेट, एमसीबीचं झाकण आणि केबलचा सांधा बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल इतकं गरम असेल, तर चार्जिंग बंद करून ठेकेदाराला बोलवा. बहुतेक वेळा एखादा स्क्रू ढिला असतो. आमचा होता.